रविवारचं बूद्वार

"बुधवारी ना? मग रविवार कशाला अडवून ठेवलास?" भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे चष्मा कपाळावर चढवून उभ्या असलेल्या केदारने विचारलं.

"बुधवार नाही रे, बूद्वार. बूद्वार फोटो," रूपालीने कणीक तिंबता तिंबता सांगितलं.

"तेच म्हणतोय मी. बुधवारचे फोटो रविवारी कसे काढणार?"

रूपालीचा परातीतला हात थांबला. "फ्रेंच शब्द आहे तो. बूद्वार म्हणजे बाईची स्वतःची खोली. तिथे आपल्या मर्जीने, आपल्याला आवडतील तसे काढून घेतलेले फोटो."

"कुठली खोली?"

"आपली बेडरूम."

"आणि कपडे?"

"असतील. थोडे असतील, पण असतील."

केदारने चष्मा डोळ्यांवर घेतला, बायकोकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. तो यार्नच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. धाग्यात एवढीशी गाठ सापडली तरी अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस म्हणून कारखान्यात त्याचा दरारा होता. घरात मात्र कुठलीही गाठ समोर आली की ती आपल्याला दिसलीच नाही अशा चेहऱ्याने तो पुढे जायचा. संसार सुरळीत चालला होता त्याचं हे एक कारण. आताही तो एवढंच म्हणाला, "सोसायटीत कुणाला कळणार नाही ना?"

"मी कशाला सांगत बसतेय?"

"मग ठीक आहे," केदार म्हणाला आणि रविवारच्या चौकोनात काहीही न लिहिता त्याने पेन खिशात ठेवून दिलं.

हे फोटोंचं रूपालीच्या डोक्यात शिरलं ते एका लग्नाच्या अल्बममुळे. रूपालीला कोड होतं. कॉलेजात असताना कानामागे एक ठिपका उमटला, मग तो मानेवरून पाठीवर उतरला, खांद्यांवर पसरला, आणि चाळिशी उलटेपर्यंत दंडांवरून मनगटांशी येऊन पोचला. जाता जाता डाव्या गालावरही एक डाग ठेवून गेला. डॉक्टर झाले, लेप झाले, पथ्यं झाली. काहींचं जातं, काहींचं राहतं, तिचं राहिलं. ती सरकारी मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची आणि सेलवासच्या मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचे, गळाबंद ब्लाउज घालायची. पाठ घामाने निथळायची, पण लोकांच्या नजरा तरी चुकायच्या.

मग केदारच्या भाचीच्या लग्नाचा अल्बम चिपळूणहून आला. त्यातल्या एकाही फोटोत रूपालीच्या गालावर डाग नव्हता, हातावर नव्हता, कुठेच नव्हता. नणंदेने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं, "वहिनी, फोटोवाल्याच्या मागे लागून मी तुझं सगळं साफ करून घेतलं हो! बघितलंस ना, किती छान दिसतेस?"

रूपालीने आभार मानून फोन ठेवला आणि अल्बम पुन्हा मांडीवर घेतला. तिची पैठणी नेसून, तिचं मंगळसूत्र घालून, तिच्या नवऱ्याशेजारी कुणी भलतीच बाई उभी होती. आणि सासरच्या सगळ्यांना ती बाईच जास्त आवडली होती.

त्याच आठवड्यात तिने केतकीला फोन लावला. केतकी ही नवऱ्याच्या नोकरीमागे मुंबईहून सेलवासला आलेली तरुण फोटोग्राफर. बारशी आणि कारखान्यांचे कॅटलॉग करून ती पोट भरायची आणि मनापासून करायची ते बायकांचे हे असले फोटो. प्रत्येकीला आधी विचारून, तिच्या आवडीने ठरवलेले.

"तुम्हाला स्वतःचं सगळ्यात जास्त काय आवडतं, मॅडम? डोळे, केस, काहीही सांगा."

रूपालीने थोडा विचार केला. "पाठ."

"पाठ?"

"इतकी वर्षं झाकून ठेवलीय. आहे तरी कशी, ते मलाच बघायचंय."

मग केतकी चाचरत म्हणाली, "तुम्ही ते कोडाचं म्हणालात ना... म्हणजे हवं असेल तर एडिटिंगमध्ये ते डाग..."

"एका जरी डागाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे," शेवटच्या बाकासाठी राखून ठेवलेल्या आवाजात रूपाली म्हणाली.

केतकीला ते फारच आवडलं. रविवार सकाळ ठरली.

गाऊन शिवायला रूपाली गेली ती डोकमर्डीच्या कोपऱ्यावर, झुंबर टेलरकडे. झुंबर मूळचा धुळ्याकडचा. आला होता कारखान्यात काम करायला, पण दुसऱ्याचं मशीन चालवण्यापेक्षा स्वतःचं चालवावं म्हणून शिवणयंत्र घेऊन बसला होता. रूपालीचे सगळे गळाबंद ब्लाउज त्यानेच शिवलेले. तिने पिशवीतून जांभळं साटीन काढलं आणि सांगितलं, "पाठ इथवर उघडी. बाह्या नकोत. कॉलर नको."

झुंबरने तोंडातली टाचणी हातात घेतली. "कोनाचा आहे, ताई?"

"माझाच. बूद्वार फोटोसाठी हवाय."

"हां हां, बुधवार ना? होऊन जाईल."

शाळेची वेळ झाली होती. रूपाली रिक्षाला हात करत निघून गेली आणि त्या एका अक्षरावरून पुढे केवढं रामायण होणार आहे हे दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

शनिवारी दुपारी ती गाऊन आणायला गेली तेव्हा साटीनची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तुम्हीच तर बोल्ले बुधवार!" झुंबरने कपाळाला हात लावला. "मी म्हनलं आरामात करू. चार दिवस तर आहे."

"झुंबरभाऊ, उद्या सकाळी फोटो आहेत माझे."

"मग उद्या सकाळी घरपोच. जबान दिली. तुम्ही पार्लरला जा, डोक्याला शांत ठेवा."

रूपाली पार्लरला गेली आणि तिथे तिचं डोकं जरुरीपेक्षा जास्त शांत झालं. सरिताचं पार्लर म्हणजे एक पडदा, दोन खुर्च्या, एक पलंग आणि गारेगार एसी. रूपालीने पाठीला उटणं आणि मसाज सांगितला होता. आठवडाभर सहामाहीचे पेपर तपासून तिचे डोळे जड झाले होते. सरिताचे हात फिरायला लागले तशी ती पालथ्यानेच, उजवा गाल उशीवर टेकवून, जी झोपली ती "ताई, उठा, झालं!" या हाकेनेच जागी झाली.

तिने आरशात पाहिलं. आरशात अल्बममधली ती बाई बसली होती.

गाल एकसारखा. मान एकसारखी. हात खांद्यापासून बोटांपर्यंत गव्हाच्या लोंबीसारखे एका रंगाचे. रूपालीने मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचा प्रयत्न केला. पाठही रंगवलेली होती.

"सरिता, हे काय आहे?"

"गिफ्ट, ताई!" सरिताचा चेहरा आनंदाने फुलला होता. "तुमी फोटो काढायचे म्हने. मी म्हटलं, आपल्या ताईंचे फोटो आन् डाग दिसतीन? नाही चालनार. नवरीचा रंग लावून दिला. तुमच्याकडून एक रुपया घेनार नाही मी."

"काढ."

"काय?"

"हा रंग. आत्ताच्या आत्ता काढ."

"ताई, तो निघत नाही. म्हनून तर भारी आहे! सूरतहून मागवते मी. नवरी ढसाढसा रडली तरी हालत नाही." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू विरत चालला. "तुमाला... आवडलं नाही का?"

रूपालीने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. बिचारीने माया लावून केलं होतं. पण जो तो मायेनेच तिला पुसून टाकत होता. "सरिता, मला डाग दिसायला हवेत. त्यासाठीच फोटो काढतेय मी."

सरिता तिच्याकडे पाहतच राहिली. "माझ्याकडं समदे डाग झाकायला येतात, ताई. पैसे देऊन डाग मागनारं गिऱ्हाईक पह्यलंच पाहिलं." मग तिने सुस्कारा सोडला. "उद्या सकाळी येते घरी. तेल, बेसन, काय काय घेऊन येते. घासून पाहू."

सोसायटीच्या फाटकाशी नारायणराव झाडांना पाणी घालत होते. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी असलेले गृहस्थ. खात्यात असताना त्यांच्या हातून रस्ते सावकाश झाले असतील, पण बातमी मात्र त्यांच्याकडून कधी रखडली नाही. त्यांनी रूपालीला पाहिलं आणि पाण्याचा पाइप स्वतःच्याच चपलांवर सोडला.

"गेलं की हो, वहिनी! अहो, गेलं की सगळं!"

"नाही हो काका, रंग आहे तो."

"तेच तर म्हणतोय! रंग परत आला!"

"तसं नाही. लावलेला आहे."

"काय लावलंत?"

"पार्लरमध्ये लावलंय काहीतरी सूरतहून आणलेलं..."

"सूरत! वाटलंच मला. सूरतेला मोठमोठे वैद्य पडलेत." नारायणरावांनी पाइप टाकला आणि खिशातून मोबाइल काढला. "घाबरू नका, मी कुणाला सांगत नाही," असं म्हणतच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाइप करायला सुरुवात केली.

वर केदारने दार उघडलं आणि अदबीने सांगितलं, "मॅडम पार्लरला गेल्यात. बसा, येतीलच." मग त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "अगं, तूच की!"

"कशी दिसतेय?" रूपालीने दात आवळून विचारलं.

वळसा घालायला जागाच नाही अशी ही गाठ होती. केदार दारातच घुटमळला. "चांगली दिसतेस," तो शेवटी म्हणाला, "पण ओळखीची नाही दिसत."

त्या उत्तराने रूपालीचा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा तिने रविवारसाठी राखून ठेवला.

सकाळी सरिता आली तीच खोबरेल, बेसन, लिंबं आणि काथ्याची घासणी घेऊन. दोघी बाथरूममध्ये शिरल्या आणि उजव्या हातापासून सुरुवात झाली. कोमट तेल, मग बेसन, मग लिंबू, मग पुन्हा तेल. मनगटाशी पहिला पांढरा ठिपका डोकावला तेव्हा दोघींनीही लॉटरी लागल्यासारखी आरोळी ठोकली.

त्याच वेळी दाराची घंटा वाजली.

केदारने दार उघडलं. बाहेर शेजारच्या इमारतीतलं एक जोडपं उभं होतं. "मॅडमना कोणत्या वैद्याचा गुण आला ते विचारायचं होतं. आमच्या भाच्याला आहे." केदार त्यांना बसा म्हणतो न म्हणतो तोच खानवेलहून सकाळच्या बसने आलेले एक म्हातारबाबा जिना चढून वर आले. त्यांच्यामागे एक गुजराती काकी, "रूपालीबेन छे?" करत. अर्ध्या तासात हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. नारायणराव जिन्यात उभं राहून चपलांच्या रांगा लावून घेत होते. "शिस्तीने, शिस्तीने. सगळ्यांना पत्ता मिळेल."

आलेल्यांत किलवणीहून आलेली तानूबाई होती. ती यार्नच्या कारखान्यात पॅकिंगला होती, केदारला तोंडओळखीची. बरोबर तिची मुलगी रंजना. विशीची, उंच, पदर ओठांपर्यंत ओढून भिंतीला टेकून उभी.

केदारने बाथरूमच्या दारावर टकटक केली. "रूपाली, माणसं आलीत."

"सांग त्यांना, रंग होता म्हणून!"

"सांगितलं. ते म्हणतात, तोच रंग कुठे मिळतो ते सांगा."

आता घरातल्या दोन बायका तेलाने माखलेल्या आणि हॉल माणसांनी भरलेला, अशा वेळी केतकी आली. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, एका हातात दिव्यांचे दोन स्टँड, दुसऱ्या हातात दिव्यांचा उजेड मऊ करायची पांढरी छत्री. ती दारातच थबकली.

"फोटोसाठी आलेय मी. लाइट कुठे लावू?"

हॉल एकदम उठून उभा राहिला.

"या, या, डॉक्टर!" नारायणराव पुढे धावले. "म्हटलं होतं ना मी? फोटो थेरपी! माझ्या मेव्हण्याला वलसाडला हेच देतात. लाइटखाली बसवतात. फक्त तिथे मशीन मोठं असतं."

"नाही, मी डॉक्टर नाही. मी फोटो..."

"तेच, तेच. फोटो. आम्हाला माहीत आहे." त्यांनी केतकीच्या हातातली छत्री घेतली आणि मागे वळून जाहीर केलं, "एकेक जण आत जाईल. आधी वयस्कर."

केतकीने मदतीसाठी केदारकडे पाहिलं. आता केदारने तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर बेडरूम आली असती, गाऊन आला असता, पाठ आली असती. केदारने ते सगळं डोळ्यांपुढे आणलं आणि तो चक्क म्हणाला, "हो... म्हणजे... लाइटचंच आहे ते."

एवढ्या एका वाक्याने खानवेलच्या म्हातारबाबांनी सदऱ्याची बटणं काढायला घेतली.

गलबला ऐकून रूपाली बाहेर आली. अंगात जुना घरचा गाऊन, खांद्यावर पंचा, कोपरावरून तेल ठिबकतंय. उजवा हात पूर्ण घासून झालेला होता, त्यावर सगळे डाग जसेच्या तसे. डावा हात मात्र अजून गुळगुळीत, एकाच रंगाचा. हॉलमधली कुजबुज थांबली. सगळ्यांनी आधी उजवा हात पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"बघा!" नारायणराव भारावून म्हणाले. "उपचार अर्ध्यावर आलाय!"

"डावा झाला, उजवा बाकी छे," काकींनी दुजोरा दिला.

रूपालीला हसू फुटणार होतं. पण गर्दीतून वाट काढत तानूबाई पुढे आली आणि तिने रंजनाचा पदर बाजूला केला. खालच्या ओठाच्या कडेला, हनुवटीपर्यंत उतरलेला एक डाग होता. बोरापेक्षा मोठा नाही.

"बाई, हिचं लगीन जमलंय," तानूबाई म्हणाली. "पोराकडचे बोलतेत, डाग गेला तर तारीख धरू. तुमचं गेलं म्हनून काल समजलं आन् रातभर झोप नाही आली मला. काय लागंल ते सांगा. मी करंन."

रंजना कुणाकडेच पाहत नव्हती. रूपालीला तिची ती मान ओळखीची वाटली. अशी मान खाली घालून उभं राहायला किती सवय लागते, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक होतं?

तिने पंच्याचं टोक तेलात बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत डावा गाल खसाखसा घासायला घेतला. सरिता मागून "ताई, हळू!" म्हणेपर्यंत गालावरचा डाग वर आला होता.

"हा पाहा," रूपाली म्हणाली. "आहे तिथेच आहे. कुठेही गेलेला नाही. काल सरिताने वर रंग लावला होता, एवढंच. वैद्य नाही, सूरत नाही, काही नाही. उपचार करायचे तर चांगल्या डॉक्टरकडे जा, काहींना गुण येतो. मला नाही आला. आणि हे कुणाला हात लावून लागत नाही, हे मी दर वर्षी नववीला शिकवते, आज तुम्हालाही सांगते."

म्हातारबाबांनी बटणं लावून घेतली. नारायणरावांच्या हातात अजून छत्री होती.

"मग या डॉक्टर?"

"मी फोटोग्राफर आहे हो!" केतकी रडकुंडीला आली होती. "बूद्वार सेशनसाठी आलेय."

"पण आज तर रविवार आहे," नारायणराव म्हणाले.

"बूद्वार म्हणजे माझे फोटो," रूपालीने सांगितलं. आता मागे सरायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे तिला सरायचंही नव्हतं. "माझ्या बेडरूममध्ये. पाठ उघडी टाकून. डागांसकट. कुणाला दाखवायला नाही, माझ्यासाठी. कुणाचं काही म्हणणं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, मला उशीर होतोय."

काकींनी "हाय हाय" असं पुटपुटून तोंडाला रुमाल लावला, पण उठून मात्र गेल्या नाहीत. नारायणराव खाकरले. "नाही, म्हणजे सोसायटीच्या नियमात तसं काही... पण वहिनी, शोभतं का आपल्याला? केदारराव, तुम्ही तरी..."

सगळ्यांच्या नजरा केदारकडे वळल्या. त्याने सवयीने चष्मा कपाळावर ढकलायला हात नेला, पण तो तिथेच थांबला.

रंजनाने पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही त्यालाच विचारायला. "तुमचं लगीन झालं तवा बाईंना होतं का?"

"होतं," केदार म्हणाला. मग घसा साफ करून मोठ्याने म्हणाला, "कानामागे. बघायला गेलो तेव्हा ही मान खाली घालून पोहे देत होती, म्हणून मला आधी तेच दिसलं. मला वाटलं, पोह्यांवरचं खोबरं उडालंय. पुस म्हणून सांगणार होतो."

"मग?"

"नाही सांगितलं. पुढे आठवडाभर मला दुसरं काही आठवेना. चेहरा नाही, साडी नाही. फक्त ते खोबरं." त्याचे कान लाल झाले होते. "काल ते पुसलं गेलं तेव्हा मी हिला ओळखलं नाही. तेव्हा नारायणराव, शोभतं. ती छत्री द्या इकडे. ती फोटोची आहे."

नारायणरावांनी छत्री दिली. रूपाली नवऱ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत हे खोबऱ्याचं त्याने तिला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते हॉलभर माणसांसमोर.

एवढ्यात जिन्यातून "आलो, आलो!" अशी आरोळी आली आणि चपलांच्या रांगा तुडवत झुंबर हजर झाला. हातात हँगरला लावलेला जांभळा गाऊन. रात्र जागून शिवल्याने त्याचे डोळे तारवटले होते. मोठ्या अभिमानाने त्याने गाऊन सगळ्यांसमोर उलगडला.

बाह्या मनगटापर्यंत. गळ्याला उभी कॉलर. पाठ मानेपासून टाचेपर्यंत बंद, वर आतून अस्तर.

"झुंबरभाऊ," रूपाली शांतपणे म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, ताई. पन मी तुमचं माप ओळखतो ना. घाईत बोल्ल्या असाल. म्हनून बराबर करून दिलं." त्याने आवाज खाली आणला. "बाह्यांचं कापड मी माझ्याकडचं टाकलं. कोनाला समजनार नाही."

"केदार, कात्री."

केदारने क्षणभरही न दवडता कात्री आणून दिली. रूपालीने डावी बाही धरली आणि खांद्यापाशी कचकन पातं चालवलं. झुंबरच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. तिने दुसरी बाही हातात घेतली तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो पुढे झेपावला.

"अहो ताई, शिवन सोडून कापा! असं कोन कापतं? साटीन आहे ते, सुटून जाईल सगळं!" त्याने कात्री तिच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतली, गाऊन सोफ्याच्या हातावर पसरला आणि नाक फुगवून स्वतःच कापायला बसला. "पाठ किती उघडी म्हनल्या होत्या? इथवर? काढली. कॉलर? गेली. आता दोन टाके मारू द्या कडेला, मग काय करायचं ते करा."

पुढची वीस मिनिटं झुंबर कडा दुमडत होता, सरिता आत रूपालीची पाठ घासत होती, केतकी बेडरूमच्या खिडकीशी दिवे लावत होती आणि केदार आलेल्या माणसांना चहा देत होता. आता आलोच आहोत तर, म्हणून कुणी उठायला तयार नव्हतं.

तानूबाई मात्र उठली. रूपाली गाऊन घ्यायला बाहेर आली तेव्हा ती दारात चपला शोधत होती.

"निघालात? वाईट वाटून घेऊ नका हो," रूपाली म्हणाली. "मला काही देता आलं नाही तुम्हाला."

"नाय बाई, तसं नाय. पोराकडच्यांना जाऊन सांगाया पाहिजे ना, डाग काही जात नाही म्हनून. लांब आहे त्यांचं घर, बस चुकंल."

रंजनाने पदर खांद्यावर नीट घेतला, ओठावर नाही. "नाही सांगायला एवढ्या लांब कशाला जायचं, आई? फोन करू."

"काय नाही सांगायला?"

"मी त्याला नाही म्हनते, ते."

तानूबाईने एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत खालच्या पायरीवर बसकण मारली. "फोन तरी घरी जाऊन करशील का?"

"घरी जाऊनच करते," रंजना म्हणाली आणि आईला हात देऊन उठवलं.

फोटो झाले. बेडरूमचं दार आतून लावलेलं, खिडकीतून तिरपं ऊन, रूपाली पलंगाच्या काठावर दाराकडे पाठ करून बसलेली. सुरुवातीला तिचे खांदे आवळलेले होते. बाहेर कपबशा वाजत होत्या, नारायणराव कुणाला तरी फोटो थेरपी आणि फोटोग्राफी यांतला फरक समजावून सांगत होते. ते ऐकता ऐकता तिला हसू आलं आणि हसण्याने खांदे आपोआप सैल झाले. केतकीने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

"बघायचं?" तिने कॅमेरा पुढे केला.

रूपालीने पाहिलं. कॅमेऱ्याच्या चौकोनात तिची पाठ होती, मानेपासून कमरेपर्यंत, सगळे पांढरे प्रदेश जागच्या जागी. ज्या पाठीच्या काळजीने तिने निम्मं आयुष्य गळाबंद काढलं, ती पाठ पहिल्यांदाच समोर आली होती. रूपालीने कॅमेरा जवळ घेतला, लांब नेला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "मी एवढी रुंद आहे?"

संध्याकाळी झुंबर आपणहून आला आणि तिचे तीन ब्लाउज मागून घेऊन गेला. तासाभराने परत आणून दिले तेव्हा तिन्हींच्याही बाह्या कोपराच्या वर आलेल्या होत्या. "कापायचंच आहे तर मीच कापतो," तो रागाने म्हणाला. "तुमच्या हातात कात्री नको."

सोमवारी त्यातला हिरवा ब्लाउज घालून रूपाली शाळेत गेली. दंडांना इतक्या वर्षांनी वारा लागत होता. स्टाफरूमच्या दारात मुख्याध्यापक पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. नारायणरावांचा शनिवारचा निरोप फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. रविवारचा पोचला नव्हता.

"अभिनंदन मॅडम, ऐकून इतका आनंद..." त्यांची नजर तिच्या गालावर गेली, तिथून दंडावर, तिथून मनगटावर. पुडा धरलेला हात हवेतच राहिला. "अरेरे! परत आलं?"

"हो सर," रूपालीने पुड्यातला एक पेढा स्वतःच उचलून घेतला. "शनिवार-रविवार रजेवर होतं. आज रुजू झालं."

आणि पेढा तोंडात टाकून ती नववीच्या वर्गाकडे निघाली.